अकराव्या स्टेशनचा पूल

मोबाइल उपडे ठेवा, म्हणजे सांगतो. आणि ही ऐकीव नाही हं. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्याने सांगितली तशीच सांगतो.

रेल्वेच्या बांधकाम ऑफिसात त्यांना सगळे शेरेबुवा म्हणत. फाइल कुठलीही असो, शेरा मारल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून हलायची नाही. बायको लवकर गेलेली. घरात बाप-लेक दोघंच, आणि नियम एकच : जो शेवटी घरी येईल, त्याने बाहेरचा दिवा बंद करायचा.

लेक नोकरीवरून रात्री नऊ सतराच्या गाडीने यायची. घर रुळांपलीकडे. स्टेशनवर पूल नव्हता, लोक रूळच ओलांडायचे. पुलाची फाइल आली होती, तीही बुवांच्याच टेबलावर. नकाशावर प्रमाण लिहायचं राहिलं होतं. बुवांनी शेरा मारला, 'प्रमाण नमूद नाही, सबब परत.' ती फाइल फिरून यायच्या आत एका रात्री लेक रुळांवर गेली. फाइल अजून फिरतेय. प्रकृती उत्तम आहे तिची.

तेव्हापासून अकरा वर्षं बाहेरचा दिवा चालू. दिवसासुद्धा.

"अहो बुवा, बंद करा की," मी म्हणायचो.

"शेवटचं माणूस यायचंय अजून."



रिटायर झाल्यावर बुवांनी कॉम्प्युटर घेतला. त्यावर आगगाडीचा एक खेळ असतो. रूळ, सिग्नल, स्टेशनं आपणच बांधायची आणि आपणच गाडी हाकायची. बुवांनी आपला उपनगरी मार्ग बांधायला घेतला. चौदा स्टेशनं, अकरावं त्यांचं स्वतःचं, खांबन्‌खांब मोजून. दोन वर्षं लागली. खेळणाऱ्यांनी वाहवा केली. एकाने मात्र लिहिलं, "काका, खऱ्या अकराव्या स्टेशनला पूल नाहीये. चुकलंय तुमचं."

"आहे," बुवांनी कळवलं. खेळात त्यांनी बांधला होता तो फाइलीतलाच पूल. बेचाळीस पायऱ्यांचा. जन्मात पहिल्यांदा या माणसाने कागदावर खोटं केलं होतं.

मागल्या वर्षी, नोव्हेंबरची एकोणीस, मंगळवार. दाराला आतून कडी घालून बुवांनी पहिली गाडी काढली. अर्थात नऊ सतराची. सगळी स्टेशनं ओस होती, कारण माणसं अजून बसवलीच नव्हती.

अकरावं स्टेशन आलं. गाडी थांबली. दारं उघडली.

एक मुलगी उतरली.

खांद्यावर पिशवी. पाठमोरी. ती गाडीमागून वळसा घालून रुळांच्या कडेला आली. नेहमीसारखी वाकून बघायला लागली... पलीकडच्या रुळावर लांब एक दिवा येत होता. ती गाडी बुवांनी सोडलेली नव्हती.

"बाळा... जिना... जिना आहे गं..."

ती थांबली. वर बघितलं. चढायला लागली. बुवा पायऱ्या मोजत होते. बेचाळीस. पलीकडे उतरली.

आणि उभी राहिली.

पुढे काही नव्हतंच. नुसती करडी जमीन. घराकडची गल्ली बांधायचा धीर बुवांना झाला नव्हता.

ती उभीच. दहा मिनिटं. वीस...

बुवा बांधायला बसले. गल्ली. शेजारची तीन घरं. पाण्याची टाकी. आपलं फाटक. आपलं दार. मापं चुकत होती. शेरा मारायला कोणी नव्हतं. पहाटे साडेचारला त्यांनी खेळातल्या त्या दाराबाहेर दिवा लावला आणि पुलाकडे बघितलं.

पूल रिकामा. गल्लीही.

टेबलावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले. तिथेच झोप लागली.

सकाळी मला बुवांचा फोन आला. "लगेच या," एवढंच. मी तसाच धावलो. बुवांनी आतली कडी काढून दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. बाहेरचा दिवा विझलेला होता.

"बल्ब गेला असेल हो," मी म्हणालो. उतरवून बघितला. शाबूत होता.

मग आत जाऊन बघितलं...

बटण बंद होतं.