होप, एक्सपेक्ट आणि शनिवारचे चार

तो तिला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. वह्या-पेनांच्या दुकानात उभा राहून एकेक हिरवी पेन्सिल चिठोऱ्यावर चालवून बघत होता. तिने सहज, अगदी सहज हं, मान उंचावली आणि तिच्या छातीत धस्स झालं. चिठोऱ्यावर लिहिलं होतं, 'असं कोणी जिवंत माणूस बोलेल का?'

अगं बाई! म्हणजे हिरवे आजोबा... हे?

आता हे आजोबा कोण, ते सांगायला हवं. ती एका प्रकाशनाच्या कचेरीत विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहीत होती. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतले फरक. सी, लुक, वॉच... आपण सगळ्यांना 'बघणं' म्हणून मोकळे होतो. पण आपसूक दिसलं ते सी, मुद्दाम नजर वळवली तर लुक, आणि चाललेलं काही लक्ष ठेवून पाहिलं तर वॉच. प्रत्येक शब्दाला एक उदाहरणाचं वाक्य. लिहिलेले कागद पाकिटातून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तपासनिसाकडे जायचे आणि हिरव्या पेन्सिलीने रंगून परत यायचे. 'असं कोणी जिवंत माणूस बोलेल का?' हा त्याचा लाडका शेरा. इतका खवचट माणूस सत्तरीच्या आतला असणं शक्यच नाही, असं ठरवून तिने त्याचं नाव हिरवे आजोबा ठेवलं होतं. आठ महिने त्याच्या नावाने बोटं मोडली. आणि आजोबा निघाले तिशीच्या आतले, वर गालाला खळी!

"घ्यायचीय का ही पेन्सिल?" त्याने वळून विचारलं.

"नको. मला शाई हवीय."

"मग माझा कागद का वाचताय?"

"मी कुठे वाचतेय? नजर गेली."

"गेली... की नेली?"

ती शाई न घेताच बाहेर पडली. घरी पोचेपर्यंत गालातल्या गालात हसत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने ग्लान्स आणि स्टेअर लिहायला घेतले. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर, स्टेअर म्हणजे टक लावून बघणं. उदाहरण दिलं, 'दुकानात तिने त्याच्याकडे ओझरतं पाहिलं. तो मात्र टक लावून बघत राहिला.' पाकीट गेलं आणि हिचा जीव टांगणीला लागला.

उत्तर आलं. 'घटना खोटी. तीच त्याच्या कागदात डोकावत होती. त्याला पीप म्हणतात, तो शब्दही घ्यावा. ता.क. शाई मिळाली का?'

ओळखलं की हो मेल्याने! तिने ते घरी वहिनीला तीनदा वाचून दाखवलं.

मग काय विचारता! कागदावर कागद जाऊ लागले. पुस्तकासाठी तिने साधी वाक्यं वेगळी लिहून ठेवली होती, तेवढं भान होतं. पाकिटात मात्र भलतीच जायची. अलोन आणि लोनलीचा फरक सांगताना तिने लिहिलं, 'तो एकटा राहतो, पण त्याला एकटं वाटत नाही.' समासात हिरवं उत्तर आलं, 'उलट आहे. आईबरोबर राहतो, म्हणजे अलोन नाही. पण पाकीट येत नाही त्या दिवशी लोनली असतो.' त्या दिवशी ती चहात साखरेऐवजी मीठ घालून बसली आणि प्यायलीसुद्धा.

कागदावर दोघंही वाघ. पण समासाबाहेर पाऊल टाकायची हिंमत दोघांतही नव्हती. आणि बघता बघता शेवटचा कागद आला. हा परत आला की पुस्तक छपाईला जाणार, पाकिटं बंद, आजोबाही बंद.

"सरळ भेट ना त्याला," वहिनी म्हणाली.

"आणि त्याला नुसती गंमतच हवी असली तर?"

"तर कळेल तरी! कळल्याने काही मेलं नाही कोणी."

शेवटच्या कागदावर तीन शब्द होते. एक्सपेक्ट, म्हणजे होईल असं मानायला काही कारण असतं. होप, म्हणजे कारण असो-नसो, व्हावंसं वाटतं. विश, म्हणजे होणार नाही हे दिसत असूनही मन ऐकत नाही. तिने होपखाली लिहिलं, 'शनिवारी चारला ती कचेरीच्या दाराशी उभी असेल. तो येईल अशी तिला आशा आहे.' एक्सपेक्टखाली लिहायची छाती झाली नाही.

शनिवारी ती पावणेचारपासून सहापर्यंत उभी राहिली. तो आला नाही. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोमवारी मोठ्या बाई, म्हणजे तिच्या संपादक, तिच्यावर कडाडल्या. "शेवटचा कागद कुठाय? इतक्या महिन्यांत या माणसाने एक दिवस उशीर केला नाही! पाचला छपाईला जायचंय. ऊठ, स्वतः जा आणि घेऊन ये."

वा! नकार घ्यायलाही आपणच जायचं! ती रागाने धुमसतच त्याच्या दाराशी पोचली. त्याने दार उघडलं आणि जागच्या जागी थिजला.

"कागद," तिने हात पुढे केला.

"तो... तपासला नाही अजून."

"वाचलात तर असेल ना?"

त्याने मागच्या टेबलावरून पाकीट आणलं. चिकटवलेलं तोंड जसंच्या तसं होतं.

"उघडलंच नाही," तो खाली बघत म्हणाला. "उघडलं असतं तर तपासावं लागलं असतं. तपासलं की परत द्यावं लागलं असतं. आणि मग... तुम्ही मला कशाला लिहिलं असतं?"

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. हा वेडा चार दिवस पाकीट बंद ठेवून बसलाय... आपल्यासाठी! हसावं की रडावं, तिला कळेना. इतक्यात त्याचं बोट पाकिटाच्या तोंडाशी गेलं.

"नका उघडू!" ती ओरडली.

आता असं म्हटल्यावर कोण थांबेल? त्याने उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचे कान लालभडक झाले.

"शनिवार... गेला की हो."

"गेला ना. दोन तास उभी होते मी."

"मला फटके द्या."

"देणार आहे."

आतून त्याच्या आईचा आवाज आला. "कोण आलंय रे?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. आता मात्र खरोखर टक लावून.

"आई," तो मोठ्याने म्हणाला, "मला जिच्याशी लग्न करायचंय, ती आलीय!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. तिचे डोळे भरून आले होते, आणि तरी हसू आवरत नव्हतं.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"आता विचारतो. करशील?"

"हो. आणि आता चप्पल घाल, कागद वाटेत तपास," ती त्याचा हात धरून म्हणाली. "बाई पाचपर्यंतच थांबणार आहेत."