चौथी रेघ

गावाबाहेरची लालबागची वस्ती ओलांडली की डाव्या हाताला भूपेंद्रशेठची केळी पिकवण्याची खोली लागते. प्रतिभा तिथे दहा वाजता पोचली, तेव्हा फोपनार गावची केळी क्रेटांतून आत रचून झाली होती. बाहेर चैत्राचे ऊन एकेचाळिसावर. आत सोळा अंशांचा गारवा आणि कच्च्या सालींच्या चिकाचा तुरट वास.

तापमान मोजणारे, काडेपेटीएवढे सहा बिनतारी सेन्सर तिने क्रेटांमध्ये सुतळीने टांगले. दाराबाहेरच्या पेटीत त्यांचे आकडे जमायचे आणि तिच्या फोनवर त्यांच्या सहा रेघा उमटायच्या.

"हे डबडं केळ्याले राखीन?" सुपडूबाबाने विचारले. तीस वर्षे तो ही खोली तळहाताने मोजत आला होता. घडावर हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "उतरू राहिलं." मग तापमानाचा काटा पाहावा, तर खरोखरच उतरत असायचा.

"राखणार तुम्हीच, बाबा. हे फक्त बोंबलणार."

"मंग माह्या घरच्यासारखंच झालं."

पंधराच्या खाली किंवा अठराच्या वर आकडा गेला की अलार्म वाजेल, असे तिने ठरवून दिले. खात्रीसाठी चौथा सेन्सर मुठीत धरला. चौतीस अंश. पेटी किंचाळली. सेन्सर पुन्हा टांगला. आठ मिनिटांत सोळा. वहीत तिने तसे टिपले.

मग तिचे लक्ष वेळेकडे गेले. अकरा वाजले होते आणि पाच रेघा अकरापाशी थांबल्या होत्या. चौथी मात्र पुढे गेली होती, संध्याकाळच्या पाचपर्यंत.

"क्लॉकचा लोचा असेल, मॅडम," भूपेंद्रशेठ फोनवर म्हणाला. "बंद करून चालू करा ना. तीनला पिकवायचा गॅस सोडायचाय, तेवढं जमवा."

तिने बंद करून चालू केले. बॅटरी बदलली. घड्याळ जुळवले. रेघ तशीच राहिली.

तिच्यावर बारा वीसला एक लहानसा उंचवटा होता, सहा मिनिटांचा. पुढे सपाटी. दोन चाळीसला रेघ एकाएकी चौतिसावर चढत होती आणि तीन पाचपर्यंत तिथेच राहत होती. त्यानंतर ती उतरत होती. आठ मिनिटांत नव्हे, तर दोन तास, दिवेलागणीला ओसरीची फरशी निवत जावी तशी. पाच वाजता बावीस होते आणि उतरणे थांबले नव्हते.

आणि बारा वीसला खरोखरच वीज गेली. कॉम्प्रेसर मुका झाला. सहा मिनिटांनी वीज आली, तेव्हा उरलेल्या पाचही रेघांनी तोच उंचवटा नेमका त्याच जागी काढला होता.

तिने कोणालाही फोन केला नाही.

चौथा सेन्सर मागच्या कोपऱ्यात होता. गॅस सोडण्याआधी घडांवर शेवटचा हात ठेवून सुपडूबाबा तिथेच पालथ्या क्रेटवर टेकायचा. गॅस सुटला की दार चोवीस तास बंद, आणि आतली हवा माणसाच्या कामाची राहत नसे. चौतीस अंश म्हणजे काय, हे तिच्या मुठीनेच तिला सकाळी सांगितले होते: जिवंत अंगाची ऊब.

"बाबा, आज आत जायचं नाही."

"हात लावल्याबिगर मी गॅस सोडत नाही. कधीच नाही सोडला."

"मग सोडूच नका."

"शेठ खाईन मले."

"मला खाऊ दे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो निमूट पायरीवर बसला.

अडीच वाजता तिने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, वारा आत खेळू दिला आणि एकटी आत गेली. चौथ्याची सुतळी कापून बाहेर आली. आता त्या कोपऱ्यात काही घडायचेच असेल, तर ते पाहायला ही रेघ तिथे नसेल. तिने कुलूप लावले, किल्ली पिशवीत टाकली आणि सुपडूबाबाशेजारी येऊन टेकली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला.

पेटी किंचाळली.

दोन चाळीस. चौतीस अंश.

सेन्सर तिच्या मुठीत होता.

तिने मूठ उघडली. घाई केली नाही. हिशेब सरळ होता. सेन्सर उन्हात तापलेल्या दगडी पायरीवर ठेवायचा. तो चाळिशीपार चढेल, रेघ मोडेल, आणि मोडलेली रेघ पुन्हा उतरणार नाही. तिने तो ठेवला. अलार्म बंद केला.

आठ मिनिटे गेली. सेन्सरला बोट लावले तर चटका बसत होता.

फोनवर चौतीस.

पंधरा मिनिटे. चौतीस.

"काय झालं, बेटा?" सुपडूबाबाने विचारले. तिने फोनची काच पुसून पुन्हा पाहिले. कपाळावर घाम होता, पाठीला ऊन लागत होते. तिला काहीच होत नव्हते.

तीन चार.

"भेऊ नको," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

आणि सवयीने डोळे मिटले.

रस्त्यावरून केळ्यांचा एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत सुपडूबाबाने तिचा हात तसाच धरून ठेवला.

"उतरू राहिलं," सुपडूबाबा हलकेच म्हणाला.