गाडीले तेल

मुख्तार मिस्त्रीनं इंजिनाखालचा बोल्ट काढला. तेल पडलंच नाही. तपकिरी, चिकट लगदा तेवढा लोंबला. त्याला जवसाचा वास येत होता.

विमलताई वाकून लगद्याकडे बघत होत्या. गेल्या आठवड्यात छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या वडिलांना, बापूजींना, याच मोटारीतून दारव्ह्याहून यवतमाळच्या दवाखान्यात नेत होते. लोहाऱ्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. ते तिथेच, रस्त्याच्या कडेला गेले.

"लहान पेट्रोल इंजिनले तीस नंबरचं तेल लागते, ताई," मुख्तार म्हणाला. "डबा मी घरी देऊन गेलतो. हे तर खायचं तेल!"

पोलीस जमादारानं शेतावरच्या सालदार लखीरामचा दंड धरला होता.

"तूच ओतलं?"

"हो साहेब. दिगूभाऊनं सांगतलं, गाडीले जवसाचं तेल दे. म्या दिलं."

विमलताईंचा धाकटा भाऊ दिगंबर ओसरीवर बसला होता. डोक्याचं मुंडण ताजं, तोंडात पान.

"मी बैलगाडीचं बोललो, जमादारसाहेब. या अडाण्यानं मोटारीत ओतलं. माह्या बापाले मारलं यानं. टाका आत."

"मिस्त्रींचा डबा कुठाय, दिगू?" ताईंनी विचारलं.

"मले काय ठावं?"

"कळंबच्या प्रचारसभेला कशानं गेला होतास?"

"उमेदवाराच्या जीपनं. काहून?"

"आणि सतरंज्या?"

"त्या बंडीत गेल्या. त्याचं इथं काय?"

ताई जमादाराकडे वळल्या. "ऐकलंत? आमच्याकडे बैलांची ती बंडी. त्याच्याही तोंडात आत्ता तेच आलं. गाडी म्हणजे मोटारच. लखीरामनं बरोबर ऐकलं होतं. चांगलं तेल यानं प्रचाराच्या जीपला घातलं आणि वडिलांच्या मोटारीला जवस. ती जीप अजून दारात उभी आहे. बघा."

जमादारानं सीट उचलली. खाली रिकामा डबा होता. मुख्तारनं तो ओळखला.

"उभीच तर राहायची गाडी!" दिगंबर उसळला. "म्हातारा कुठं जाणार होता?"

जमादारानं लखीरामचा दंड सोडला.

दिगंबरनं पिंक टाकली, आवाज खाली आणला. "ताई, घरातली गोष्ट हाय. लखीराम काही बोलणार नाही. आपलाच माणूस हाय तो."

तो पाया पडायला वाकला. ताईंनी पाय मागे घेतले.

"जमादारसाहेब, याचा जबाब लिहून घ्या. आणि दिगू, उद्या नदीवर येऊ नकोस. दहाव्याचा पिंड मी देईन."