कळलावीचा झोपलेला वाफा

उशीवर केसांचा पुंजका पडला होता.

नर्सने तो आधी झटकून टाकला. मग कंगवा फिरवायला घेतला, तर अख्खी बट हातात आली. पेशंट बाईंना दुखलं-खुपलं काही नाही. तिने डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टरांनी फोन उचलला आणि फौजदारबाई समोरचा चहा तसाच टाकून दवाखान्यात आल्या.

"मागच्या आठवड्यात अन्नातून विषबाधा म्हणून दाखल झाल्या," डॉक्टर म्हणाले. "रात्रीचं जेवून उठतानाच पहिली उलटी. मग जुलाब, मग हातापायांतली ताकद गेली. वाचल्या म्हणून मी खूश होतो. आता हे केस. या क्रमाने एवढं सगळं घडवणारं विष इथे मला एकच आठवतं. कळलावी."

"वेल ना ती?"

"वेल. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या उष्ण रानांतली. आणि या बाईंची बागच कळलावीची आहे."

"विषाची बाग?"

"औषधाची म्हणा. हिच्या बियांपासून संधिवाताचं औषध होतं. पूर्वी सुइणी कंद वापरायच्या, अडलेल्या बाईला कळा आणायला. कधी कधी बाईच जायची. आता कुणी शहाणा त्या वाटेला जात नाही."

"पोटात गेल्यावर त्रास लगेच होतो?"

"छे. काही तास जातात."

फौजदारबाईंनी हे मनात नीट ठेवलं आणि खोलीत गेल्या.

सगळं गाव पलंगावरच्या त्या बाईंना बागवाल्या बाई म्हणायचं. एरवी हाताखालच्यांना धाकात ठेवणारी ही बाई आज डोक्याला रुमाल बांधून भिंतीकडे पाहत पडली होती.

"हे पोटात कसं गेलं, बाई?"

"चूक माझीच. बी पाखडत होते. हात न धुता जेवले."

"कुणावर संशय?"

"कुणावर नाही. केस म्हातारीचे गेलेत. जाऊ द्या."

"घरात कोण कोण असतं?"

"मुलगा आणि सून."

"सून कशी आहे?"

"असते तशी आहे."

"आणि मुलगा?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "लहानपणी कंद काढायला माझ्यासोबत तोच असायचा. कंदाचा कोंब नाजूक, मोडला की वेल गेली. याच्या हातून एक मोडला नाही. बापाचा हात घेतलाय त्याने. त्याचे वडील घड्याळजी होते. चाळिशीतच अंगात थरथर शिरली. शेवटी शेवटी चमचासुद्धा..."

त्या एकदम थांबल्या.

"दमले मी," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

बागेत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. रांगेने खांब, खांबांना तारा, तारांवर वाळलेल्या वेलींचे धागे. खाली वाफ्यांवर पेंढा अंथरलेला.

"हंगामात यायला हवं होतं तुम्ही," म्हातारा माळी म्हणाला. "पानाचं टोकच तारेला विळखा घालतं. फुलं अशी लाल-पिवळी, जाळ पेटल्यासारखी. पण बी आपोआप नीट धरत नाही. रोज सकाळी फुलाफुलाला ब्रशने पराग लावत फिरावं लागतं. आता वेल वाळली, कंद खाली झोपला."

"बी कुठे ठेवता?"

"ते केव्हाच कारखान्याला गेलं. कोठार झाडून कुलूप लावलंय."

"मग मागच्या आठवड्यात बाई काय पाखडत होत्या?"

"काही नाही. पाखडायला आहे काय?"

फौजदारबाई वाफ्यांमधून चालत गेल्या. बाकी सगळा पेंढा काळपट पडला होता. एका कोपऱ्यातला मात्र वरवर पसरलेला, पिवळाधमक. त्यांनी तो बाजूला केला. खालची माती भुसभुशीत होती.

"इथे कुणी उकरलं?"

"मी नाही," माळी घाईने म्हणाला. "हा सगळ्यात जुन्या कंदांचा कोपरा. वरून काही कळत नाही. ठाऊक असेल त्यालाच सापडायचा."

"कुणाला ठाऊक आहे?"

"बाईंना. मला."

"त्यांच्या मुलाला?"

"मी कामाला लागल्यापासून त्यांनी इथे पाऊल टाकलेलं नाही."

"त्या दिवशी दुपारी तुम्ही इथेच होतात?"

माळ्याने आवाज उतरवला. "मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण पाहिलं ते सांगतो. सूनबाई कप घेऊन मागच्या पायरीवर उभ्या होत्या. बाईंनी तो कप घेतला, गटागटा प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं. दोघींचं सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचं. लोक उगाच म्हणत नाहीत, ही वेल घराशी लावली की घरात कळ लागते."

बागवाल्या बाईंच्या घराची पुढची खोली म्हणजे घड्याळांचं दुकान. दार अर्धवट ओढलेलं. काचेच्या टेबलावर एक नाजूक बायकी घड्याळ पोट उघडं टाकून पडलं होतं. त्याच्या चाकांवर धूळ होती. एका बारीक स्क्रूभोवती ओरखडेच ओरखडे.

मुलगा पस्तिशीच्या पुढचा, मवाळ बोलणारा. दोन्ही हात काखेत घालून बसला होता.

"दुकान बंद?"

"हल्ली घड्याळ दुरुस्त करतं कोण? नवं घेतात."

"त्या रात्री जेवायला काय होतं?"

"भात आणि उकडलेली रताळी."

"स्वयंपाक कुणाचा?"

"बायकोचा," तो म्हणाला. "मी तिच्यावर आळ घेत नाही. पण एकदा उकडल्यावर कंद कुठला आणि रताळं कुठलं, कोण सांगणार? तिच्या हातून चुकून झालं असेल."

"तुम्हीही तेच जेवलात ना? तुम्हाला काही झालं नाही."

"आईच्या ताटात नेमका तो तुकडा गेला असेल."

"तुम्हाला बागेतलं कळतं?"

"ओ की ठो नाही. मी कधी बागेत हात घातला नाही. पहिल्यापासून मला घड्याळंच."

फौजदारबाईंनी मान डोलावली. त्यांना माणसं रागावलेली चालत, रडलेली चालत. न विचारता दुसऱ्याला माफ करणारी माणसं मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपत.

सून स्वयंपाकघरात होती, पण शेगडीपासून लांब, मागच्या उघड्या दाराशी. जवळ कोरड्या बिस्किटांचा पुडा. शेजारच्या घरातून तळणीचा वास आला तशी तिने नाक झाकलं. रंग उतरलेला होता.

"त्या दुपारी कप तुमच्या हातात होता."

"होता."

"सासूबाईंना तुम्ही दिलात?"

"त्यांनी घेतला. आल्याचा काढा होता तो, माझ्यासाठी केलेला. एक घोट तोंडात घेतला तर कडूजहर. थुंकून टाकला. बाकीचा ओतायला निघाले, तर आई म्हणाल्या, ओतायची तेवढी हौस आहे तुला. आणि हातातून घेऊन पिऊन टाकला."

"हे आजवर कुणालाच का नाही सांगितलं?"

"कप माझ्या हातातला आणि विष त्यांच्या पोटातलं. माझं कोण ऐकणार?"

फौजदारबाईंनी बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं. "कितवा महिना?"

सुनेचे डोळे भरले. "तिसरा. आईंना माहीत नाही. आमच्या दोघांतच ठेवलंय. हेच म्हणाले, इतक्यात सांगू नको."

"आणि तो काढा कोण करून देतं?"

सुनेने उत्तर दिलं. स्वतःचेच शब्द कानावर पडल्यावर ती हळूहळू खाली बसली. फौजदारबाईंनी माठातलं पाणी काढून तिला दिलं आणि ती उठेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना दवाखान्यातल्या खोलीत बोलावलं. डॉक्टर खिडकीशी, सून दाराशी, मुलगा आईच्या पायाशी.

"बागवाल्या बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत," फौजदारबाई म्हणाल्या. "पाखडायला बी घरात नव्हतं. जिचा जीव जाता जाता राहिला तीच खोटं बोलते, तेव्हा ती कुणाला तरी पाठीशी घालत असते. सुनेसाठी तुम्ही बोट उचलणार नाही. उरलं कोण?"

"रताळ्यांचा काही दोष नाही. या विषाला चढायला काही तास लागतात आणि बाईंना जेवून उठतानाच उलटी झाली. म्हणजे ते दुपारी पोटात गेलं. दुपारी त्यांनी काढा प्यायला. पण तो त्यांच्यासाठी नव्हताच. मीही आधी सासूला कुणी मारायला निघालं हेच शोधत होते. नेम सुनेवर होता."

"तिला कोण कशाला मारेल?" मुलगा म्हणाला.

"मारायचं नसेलही. लोकांना वाटतं, कळलावी हे नाव घरातल्या भांडणावरून पडलं. डॉक्टरांनी खरा अर्थ सांगितला. बाळंतपणाच्या कळा. सुनेला दिवस गेले आहेत हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरा, तिला रोज काढा करून देणारा नवरा."

"मी तिच्यासाठी आलं उकळतो, हा गुन्हा झाला?"

"विष कंदातून गेलं असं कुणी म्हटलं नव्हतं. तुमच्या आईंनी तर बियाच सांगितल्या. कंद रताळ्यांत गेला असेल हे तुम्हालाच सुचलं, कारण तुम्ही कंदच काढला होता. बागेत कधी हात घातला नाही म्हणालात. आई तर सांगतात, लहानपणी तुमच्या हातून एक कोंब मोडला नाही. झोपलेल्या वाफ्यातला जुना कोपरा तुम्हाला माहीत होता. उकरलंत ते ठीक, पण वरून घातलेला पेंढा नवा निघाला."

"मला माझं मूल नको असायला कारण काय?"

फौजदारबाईंनी पिशवीतून ते बायकी घड्याळ काढलं, बारीक पेचकस काढला, आणि दोन्ही त्याच्यासमोर धरले.

"एवढा एक स्क्रू बसवून दाखवा."

तो हलला नाही. मग त्याने हात पुढे केला. बोटं पेचकसापर्यंत पोहोचेस्तोवर मनगटापासून थरथरत होती. पेचकस फरशीवर पडला.

"पुरे करा," आई अंथरुणातून म्हणाली. "त्याला त्याच्या बापाचं दुखणं लागलंय. मला महिन्यांपूर्वीच दिसलं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा दुपारचा तो कडूपणा मला आठवला. ती चव माझ्या ओळखीची आहे. पण काढा उकळताना तोच दिसला होता मला, म्हणून खोटं बोलले. हिला दिवस गेलेत हे ठाऊक असतं, तर तो कशासाठी उकळतोय हे मला तेव्हाच कळलं असतं."

मुलगा बायकोकडे न पाहता बोलला. "बाबांचे शेवटचे दिवस मी पाहिलेत. स्वतःची जीभ त्यांना आवरता येत नव्हती. ते माझ्यात आलंय. पोरात जाईल. मला फक्त ते थांबवायचं होतं."

"जाईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "शक्यता निम्मी. त्याची तपासणी होते."

"आणि ज्या कपाने तुमची आई मरता मरता वाचली," फौजदारबाई म्हणाल्या, "तो हिने संपवला असता तर ही वाचली असती का? याचा विचार केला होता?"

त्याने दोन्ही हात पुन्हा काखेत घातले.

सून आतापर्यंत चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि सासूच्या पलंगाशी थांबली.

"लग्न ठरलं तेव्हा हे दुखणं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"आले असते की नसते, ते मी ठरवलं असतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि हे मूल असावं की नसावं, तेही तुमच्याबरोबर बसून ठरवलं असतं. रडले असते. कदाचित तुमचंच ऐकलंही असतं. तुम्ही मला विचारलं नाहीत. आल्यात कालवून दिलंत. आणि वर या फौजदारबाईंना सांगितलंत, बायकोच्या हातून चूक झाली असेल."

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मीही घाबरले होते. आठवडाभर. एकटी."

बाईंनी हात लांबवून तिची बाही धरली. "पोरी, तो आजारी माणूस आहे. काढ्याचं तू बोलली नाहीस, तर त्यांच्या हातात काय आहे? माझ्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही."

फौजदारबाईंनी सुनेकडे पाहिलं. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. कप धुतलेला, कंद संपलेला, आणि पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. सुनेच्या जबानीशिवाय या प्रकरणाला पाय नव्हते.

सुनेने सासूची बोटं एकेक करून हळूच सोडवली. मग डॉक्टरांकडे वळली.

"ती तपासणी म्हणालात, त्यासाठी मला कुणाकडे जावं लागेल?"

"मी पाठवतो तुम्हाला. आजच."

"आज नको. आज इकडे वेळ लागेल." तिने खुर्ची ओढली, फौजदारबाईंच्या समोर नीट बसली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"लिहून घ्या, बाई. काढा त्यांनीच केला होता. पहिल्यापासून सांगते."