गरम इंजिन तपासत नाही

"अहो, हात नका लावू, भाजेल!"

तो ओरडेपर्यंत तिचा तळवा बॉनेटवर टेकलासुद्धा होता. तिला हसू आलं. गेली आठ वर्षं ती रोज दहा-बारा बॉनेटांवर असा हात ठेवत आली होती. भाजायचंच असतं, तर एव्हाना हाताचा कोळसा झाला असता.

"तापलंय," ती म्हणाली. "गरम इंजिन मी तपासत नाही. उद्या थंड घेऊन या."

"थंड? इथवर आणायची तर चालवावी लागणार... आणि चालवली की तापणार. डोक्यावर घेऊन येऊ का?"

"डोक्यावर आणा, नाहीतर खांद्यावर आणा. डिझेल इंजिनाची खरी दुखणी सकाळी पहिला सेल्फ मारताना कळतात. एकदा तापलं, की म्हातारं इंजिनसुद्धा जवानासारखं बोलायला लागतं."

"मग आज गाडी इथेच ठेवून जातो."

"ठेवा की," म्हणत तिने गाडीचं मागचं दार उघडलं. आत चार लाकडी पेट्या होत्या, आणि त्या पेट्या गुणगुणत होत्या. तिने दार जितक्या झटक्यात उघडलं होतं त्याच्या दुप्पट झटक्यात लावलं आणि दोन पावलं मागे सरली.

"मधमाश्या आहेत," तो म्हणाला. "ओळख झाली की काही करत नाहीत."

"आणि ओळख व्हायच्या आधी?"

"आधी करतात," तो गंभीरपणे म्हणाला. त्याचे डोळे मात्र हसत होते... आणि ते डोळे चांगले होते, हे तिच्या लक्षात आलं. चांगली वस्तू नजरेतून सुटणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

धंदा म्हणजे पारख. तिच्या बाबांच्या गॅरेजात जुन्या डिझेल गाड्या यायच्या. बाबा त्या दुरुस्त करायचे आणि ती त्यांची किंमत ठरवायची. धुराचा रंग बघायची, डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळून बघायची, डोळे मिटून इंजिन ऐकायची आणि मग एका लहानशा चिठ्ठीवर दोन ओळी लिहून खाली सही करायची. ती चिठ्ठी वायपरखाली लागली की बाजारात पुढे घासाघीस नसे. 'ताईंची चिठ्ठी आहे' म्हटलं की विकणारा गप्प, घेणाराही गप्प. आठ वर्षांत एकही चिठ्ठी खोटी निघाली नव्हती, आणि याचा तिला गर्व होता. खोटं कशाला सांगा, चांगला मोठा गर्व होता.

सगळी दुनिया तिला ताई म्हणायची. मधवाल्याने मात्र पहिल्या दिवसापासून तिला कधीच ताई म्हटलं नाही.

त्या दिवशी पेट्यांसकट गाडी ठेवून घ्यायला ती तयार झाली नाही. दोन दिवसांनी तो परत आला. बॉनेट गरम. "रस्त्यात एक काम निघालं," म्हणाला आणि मधाची बाटली ठेवून गेला. चार दिवसांनी पुन्हा आला. बॉनेट असं तापलेलं, की त्यावर चहा उकळला असता.

"तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" तिने कमरेवर हात ठेवले.

"कळतं ना."

"मग?"

"थंड आणली असती, तर तुम्ही पाच मिनिटांत तपासून चिठ्ठी हातात दिली असती." तो मान खाली घालून किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "येताना दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या... नीट तापावी म्हणून."

पलीकडच्या गाडीखालून बाबांचे फक्त पाय दिसत होते. ते पाय उगाचच हलले आणि खोकल्याचा आवाज आला.

तिचे कान गरम झाले. पण ती लाजून आत पळणाऱ्यांतली नव्हती. "पत्ता द्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहा वाजता मीच येते. आणि मी यायच्या आधी किल्लीला हात लावलात, तर याद राखा."

त्याचं घर गावाबाहेरच्या उतारावर होतं. मागे रांगेत चाळीसेक पेट्या, अंगणात दव पडलेली गाडी आणि दारात शाल पांघरलेली त्याची आई. "तूच का ती इंजिनवाली?" आईने तिला नखशिखांत न्याहाळलं. "हा घरी दुसरं काही बोलतच नाही गं. मला वाटलं, इंजिनाबद्दल बोलतोय." तिने चहाचा कप हातात दिला आणि आत निघून गेली. दार मात्र उघडंच ठेवलं.

तिने बॉनेटवर तळवा ठेवला. गार, ओलं. मग किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फात इंजिन सुरू झालं. पांढरा धूर नाही, निळा नाही, खडखड नाही. वीस वर्षांचं इंजिन लयीत, समाधानाने बोलत होतं. तिने तेलाचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. आतून झिजलेलं इंजिन मागे श्वास सोडतं आणि झाकण टणाटणा उडायला लागतं. गॅरेजवाले त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इथे झाकण जागचं हललं नाही. इतकं निरोगी इंजिन तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"आम्हीही पेटीला कान लावून ऐकतो," तो शेजारी येऊन हळूच म्हणाला. त्याच्या सदऱ्याला मेणाचा वास होता. "राणी माशी गेली असेल, तर पेटी उघडायच्या आधीच कळतं."

"मग ही विकता कशाला?"

"चाळीस पेट्या हिच्यात मावत नाहीत. लहान ट्रक बघून ठेवलाय. ही विकली गेली, की त्याच दिवशी पेट्या चढवायच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांकडे निघायचं... चार महिने." तो थांबला. "तर, काय म्हणतंय इंजिन?"

चार महिने! आणि आठ वर्षांत जे कधी झालं नव्हतं, ते झालं.

"बॅक कॉम्प्रेशन आहे," ती म्हणाली.

"म्हणजे वाईट?"

"तसं... बरंच. आत्ता विकू नका. दर रविवारी आणत जा, मी बघते काही करता आलं तर."

तिने चिठ्ठी लिहिली, सही केली. अक्षर नेहमीचंच होतं.

पुढचे तीन रविवार, खरं सांगायचं तर, तिच्या आयुष्यातले सगळ्यात छान रविवार होते. तो यायचा. ती स्वच्छ तेल काढून पुन्हा स्वच्छ तेल भरायची. तो टायरच्या ढिगावर बसून मधमाश्यांच्या भानगडी सांगायचा आणि ती हातातला पाना विसरून ऐकत बसायची. एकदा तिच्या गालाला लागलेलं ग्रीस पुसायला त्याने रुमाल पुढे केला, तो तिच्या गालाजवळ येऊन थबकला, आणि दोघंही उगाच एकदम हवेबद्दल बोलायला लागले. रात्री मात्र तिला झोप लागत नसे. कूस बदलली की ती चिठ्ठी डोळ्यांसमोर यायची.

चौथ्या रविवारी तो एकटा आला नाही. बरोबर गॉगलकाका होते. जुन्या गाड्यांचे दलाल. हे गृहस्थ घरातसुद्धा काळा चष्मा काढत नसत.

"विकली!" मधवाला दारातूनच म्हणाला. आवाजात आनंद कमी आणि सुटका जास्त होती. "अर्ध्या किमतीत गेली, पण गेली. दोन गिऱ्हाइकं आधी येऊन परत गेली. त्यांना चिठ्ठी दाखवली ना मी."

"कशाला दाखवलीत?" तिच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे? तुम्ही दोष सांगितलात, तो मी लपवू कसा? आणि आता थांबून चालणार नाही. सूर्यफूल निम्मं फुलून गेलंय. माश्या पेट्यांत बसून आहेत, साखरपाण्यावर जगवतोय त्यांना."

"ताईंची चिठ्ठी म्हटल्यावर प्रश्नच मिटला," गॉगलकाका गोड हसले. "मी आपला उपकार म्हणून घेतोय."

तिने तीन रविवार चोरले होते, आणि त्याची किंमत हा भला माणूस, त्याची म्हातारी आई आणि चाळीस पेट्या मोजत होत्या. ती सरळ गाडीकडे गेली, बॉनेट उघडलं, किल्ली फिरवली आणि तेलाचं झाकण काढून उलटं ठेवलं.

"बघा. बॅक कॉम्प्रेशन तापल्यावरही लपत नाही. हलतंय?"

झाकण हललं नाही. गॉगलकाकांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले, आणि ते अजिबात आश्चर्यचकित नव्हते.

"काका, तुम्हाला कळलं होतं."

"आता... तुमच्या चिठ्ठीपुढे मी पामर काय बोलणार, ताई?"

बाबा गाडीखालून सरकत बाहेर आले आणि तसेच पाठीवर पडून तिच्याकडे बघत म्हणाले, "चुकलीस, का खोटं लिहिलंस?"

"खोटं लिहिलं."

"का?"

तिने एक श्वास घेतला. नजर बाबांवरून काढून मधवाल्याच्या डोळ्यांवर ठेवली, आणि मग तिथून हलवली नाही.

"गाडी विकली की हे जाणार होते. मला हे जायला नको होते. मला हे आवडतात, बाबा."

बाबांनी वर छताकडे पाहिलं, जणू हे सगळं तिथेच लिहिलं होतं. मग म्हणाले, "चिठ्ठी फाडायची नाही. खोडायची, आणि खाली कारण लिहायचं. या गॅरेजात लपवाछपवी नाही."

तिने वायपरखालून चिठ्ठी काढली, दोन ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं. गॉगलकाकांनी मान लांब करून मोठ्याने वाचलं, "इंजिन निर्दोष. तपासणीच्या वेळी तपासणारीचं लक्ष इंजिनावर नव्हतं." त्यांनी चष्मा परत चढवला, घसा खाकरला आणि पूर्ण किंमत कबूल केली. निर्दोष इंजिन सोडून जाणाऱ्यांतले तेही नव्हते.

काका गाडी घेऊन गेले. बाबा पुन्हा गाडीखाली शिरले. या वेळी पायही दिसणार नाहीत इतके आत. मधवाला अंगणात उभा राहिला, हात खिशात, मान खाली.

"तीन आठवडे," तो शेवटी म्हणाला. "तीन आठवड्यांचं फूल गेलं माझं."

"हो."

"मला राग आलाय."

"यायलाच हवा." ती मागे सरली नाही. "माफी मागते. मनापासून. पण आवडता म्हणाले, ते परत घेणार नाही."

त्याने पायाजवळचा एक नट बुटाने बाजूला सरकवला. मग मान वर केली. "परवा निघतोय. चार महिने. मला तुम्ही पहिल्या दिवसापासून..." शब्द अडखळला. "पण जावं लागणार. माझ्या माश्यांना थांबता येत नाही."

"जा ना."

"आणि तुम्ही?"

आणि त्या क्षणी तिला स्वतःचंच हसू आलं. अख्ख्या बाजारात डिझेल गाड्यांचं तिच्याइतकं कळणारं कोणी नव्हतं. अंगणात चार-चार गाड्या उभ्या होत्या. आणि या माणसाला अडवून ठेवण्यासाठी तिने खोटी चिठ्ठी लिहिली होती!

"मला गाडी चालवता येते," ती म्हणाली. "शेतं कुठे आहेत?"

"तीन तास लागतात. शेवटचा रस्ता कच्चा आहे, खड्डे..."

"रस्त्याचे दोष नाही विचारले. कुठे आहेत ते विचारलं."

मग त्याने तिच्या हातातलं चिठ्ठ्यांचं बुक घेतलं, तिच्या कानामागची पेन्सिलही काढून घेतली, एका कोऱ्या चिठ्ठीवर ओढा, पूल, वळणावरची विहीर असं सगळं नीट काढलं आणि टोकाला एक फुली मारली.

"रविवारी ये," तो म्हणाला. "लवकर निघ. ऊन चढलं, की माश्या नव्या माणसावर चिडतात."