पडद्याची उघडझाप

मोबाईल खिशात घाला आधी. तोंडावर तो निळा उजेड पडला की तुमचे चेहरे मला धड दिसत नाहीत, आणि आजची गोष्टही असल्याच उजेडाची आहे. खोटं वाटलं तर नसरापूरला जाऊन सोमनाथला विचारा. तो काही सांगणार नाही, पण त्याचं तोंड तेवढं बघून या.

सोमनाथ म्हणजे आपला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. गेल्या पौषातली, अमावस्येआधीची रात्र. आठ वाजता तो दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात विंझरच्या रोहिदासचा फोन आला.

"सोमनाथदादा, सार्थकचा कॉम्प्युटर बघाया यावं लागंल. आजच्या आज."

सार्थक हा रोहिदासचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचं पोरगं, नऊ दिवसांपूर्वी रात्री गेम खेळता खेळता खुर्चीतच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गेलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरची एवढी कसली घाई, हे सोमनाथनं काही विचारलं नाही. बॅग घेतली आणि निघाला. मार्गासनी सोडली की त्या रस्त्याला थंडी कशी अंगात शिरते ते तुम्हाला मी सांगायला नको.

रोहिदास ओट्यावर वाटच बघत उभा होता. त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. सार्थक गेल्यापासून त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा चालूच होता. थोड्या थोड्या वेळानं तो काळा व्हायचा आणि पुन्हा उजळायचा. कोणी बंद करायला गेलं की त्यांची आई, भामाबाई, भिंतीवर डोकं आपटून घ्यायची.

"ती म्हनती, त्यो डोळं उघडझाप करतोय. झोप लागंना त्याला. नऊ दिस झालं, तिथनं हलंना ती. पोटात घोटभर च्या, बास. माझी आई बी जाईल दादा अशानं. बंद नका करू. निस्ती उघडझाप थांबवा. लागला त्याचा डोळा, असं सांगतो मंग. उठंल ती."

आणखी एक गोष्ट होती. आपल्याकडं माणूस जिथं जातो तिथं पीठ पसरून वर टोपली झाकतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी पिठात पावलाची काही खूण उमटली का ते बघतात, म्हणजे जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. सार्थकच्या पिठात काहीच उमटलं नव्हतं. पसरलं तसंच होतं.

"गेलाच न्हाई त्यो," भामाबाई तेव्हाच म्हणाली होती.

सोमनाथ खोलीत गेला. म्हातारी टेबलाशी जमिनीवर बसली होती, नजर वर पडद्याकडं. दिवा कोपऱ्यात. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्याच खुर्चीत बसला. कीबोर्डवर चार बटणांची अक्षरं पार घासून गेली होती. एक वर, तीन खाली. गेम खेळणाऱ्याचा डावा हात तिथंच असतो. वरचं बटण दाबून धरलं की गेममधला माणूस पुढं चालत राहतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बिघाड तसा साधा होता. पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं, त्याचा एक आकडा असतो. गेम सुळसुळीत चालावा म्हणून पोरानं तो आकडा त्या जुन्या पडद्याला झेपणार नाही इतका चढवून ठेवला होता. तो साठावर आणला की काम झालं. फक्त आकडा बदलल्यावर मशीन विचारतं, हे ठेवू की मागे नेऊ? आणि उलटं मोजायला लागतं. आपण ठेव म्हटलं नाही, तर पुन्हा पहिल्यासारखं करून टाकतं.

सोमनाथनं साठ केलं. पडदा स्थिरावला. प्रश्न आला. तो माउसनं पडद्यावरचा बाण 'ठेव'कडं नेऊ लागला.

बाण हातातून निसटला. सरळ 'मागे ने'वर गेला. टक्.

उघडझाप सुरू.

माउस खराब झाला असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्यानं माउसची वायरच उपटून माउस मांडीवर घेतला आणि कीबोर्डवरून आकडा बदलला. प्रश्न आला. मोजणी सुरू झाली. दहा... नऊ...

बाण हलला.

माउस मांडीवर होता. बाण सरकत होता. सावकाश...

"नगं म्हनतोय त्यो," खालून भामाबाई म्हणाली.

सोमनाथनं दाराकडं पाहिलं. रोहिदास हात जोडून उभा होता.

चार... तीन...

सोमनाथनं बटण दाबलं. ठेव.

थांबलं सगळं. पडदा एकसारखा उजळ. बाणही जागच्या जागी. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं बाहेर.

"झोपला, मावशी," सोमनाथ म्हणाला. "डोळा लागला त्याचा."

म्हातारी टेबल धरून पडद्याजवळ सरकली.

"झोपला म्हंतूस... डोळा तर उघडाच हाय की."

"त्या रातीला बी असाच हुता," ती पुढं म्हणाली. "सताड. म्या माझ्या हातानं मिटला हुता."

रोहिदासनं तोंडावर हात दाबला. पडदा लुकलुकत होता तोवर तिच्या लेखी पोरगं जिवंत होतं, हे त्या दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढं सोमनाथ मला म्हणाला, "तात्या, त्या पोराला मीच दुसऱ्यांदा मारलं."

रोहिदासला हवं होतं तशी भामाबाई उठली. आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी दहाव्याला नदीवर दुपार झाली तरी पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तिला कोणी ते सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. माघ अर्धा व्हायच्या आत ती गेली. अन्नाला तिनं हात लावलाच नाही.

त्या रात्री तिच्या जागी पीठ पसरलं. टोपली झाकली. कॉम्प्युटर केव्हाच गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलेला होता. पहाटे रोहिदासनं सोमनाथला बोलावून घेतलं. कशाला, ते फोनवर सांगितलं नाही.

टोपली उचलली.

पाऊल नव्हतं पिठात. बोटांचे ठसे होते, चार. एक वर, तीन खाली.

वरचा खोल गेला होता. बराच वेळ दाबून धरल्यासारखा.