मागाच्या खड्ड्यावरची खोली

स्वातीची ओळख करून घेण्यात अंकुशचा फायदा उघड होता: नाटकाचा शेवटचा अंक. लाखांदूरकडच्या त्याच्या गावात धान निघाल्यावर खेळ ठरलेला, हिरोचं काम त्याच्याकडे, आणि नाटक लिहिणारे पुंडलिकराव दुसऱ्याच अंकात सगळ्यांना रडत सोडून मुलाकडे नागपूरला निघून गेलेले. ‘पवनीत लक्ष्मणराव विणकराची पोरगी लिहिते,’ असं कुणीतरी म्हणालं. बसचं तिकीट काढलं की काम फत्ते, असा त्याचा अंदाज. त्या अंदाजात त्यानं स्वतःला तेवढं धरलं नव्हतं.

परतीचा पाऊस पडत होता. ओले केस झटकत तो त्या अंधाऱ्या खोलीत शिरला, आणि...

“अजी, पाय सांभाळा! खड्डा हाय.”

मागाचा खड्डा. विणणाऱ्यानं जमिनीवर बसून पाय सोडायचे, ते त्यात. माग बंद होता. लक्ष्मणरावांची छाती पार गेलेली. अर्धं विणलेलं लुगडं तसंच ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ताणलेलं. आणि बापाच्या जागी, खड्ड्यात पाय सोडून, मांडीवर पाट घेऊन एक मुलगी लिहीत बसली होती.

पुंडलिकरावांची कथा सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “असं खड्ड्यात बसून काहून लिहिता जी?”

“खुर्चीवर बसून लिहिणारे मधातच सोडून पळतात ना, म्हणून.”

तो हसला. तिनं नुसते ओठ दाबले... पण तेवढं पुरलं.

अंक तिनं एकदम दिला नाही. एकेक प्रवेश दिला. एकदम दिला असता तर तो एकदाच आला असता, हे तिला कळत होतं. आणि आपण लाखांदूरहून पवनीला दोन पानांसाठी येतोय, हे त्यालाही.

संध्याकाळ झाली की ती उठे. मग लक्ष्मणराव येऊन तिथंच पाय सोडून बसत. विणत नसत. नुसते बसत.

“समज, तुले लिहाले खोली भेटली,” अंकुश एकदा म्हणाला. तोवर तो ‘तू’वर आला होता. “कशी पायजे?”

“सपाट.”

“बस?”

“खिडकी पायजे... नदीकडची. टेबल. अन् दाराले आतून कडी.”

“मंग नवऱ्यानं कुठं जावं?”

“नाटकाच्या तालमीले.”

“अन् तालीम संपल्यावर?”

“बाहेरून हाक मारावी. उघडायचं का नाही... ते मी पाहीन.”

बाजेवर लक्ष्मणराव खोकले. तो खोकला आजाराचा नव्हता.

दिवाळी झाली आणि त्यांचा श्वास अडकला. स्वाती त्यांना घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली. अंकुश आला तेव्हा घरात तिची आई जानकीबाई एकटीच.

“काकू, माग हलवू का? ती येईस्तोवर तिची खोली करून देतो.”

ताणा चढलेला माग विणकरांच्या त्या गल्लीत कुणी उचलत नाही. माणूस आजारी पडला तर शेजारचा येऊन उरलेलं विणून देतो, मगच माग निघतो. धानवाल्यांच्या पोराला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जानकीबाईंना ठाऊक होतं. पण या खेपेला गेलेला माणूस परत येत नाही, असं त्या मनाशी धरून बसल्या होत्या.

“कापून टाक, बाबू,” त्या म्हणाल्या. “मले त्याच्याकडे पाहवत नाही.”

ताणा कापला. खड्ड्यात मुरूम पडला, वर फरशी आली. अंकुशनं मित्रांना तालमीतून ओढून आणलं, खिडकी फोडली, टेबल आणलं, दाराला कडी लावली. चुन्यानं हात सोलले तरी गडी खुशीत.

आणि लक्ष्मणराव परत आले.

स्वातीच्या खांद्याचा आधार घेत आत आले, नेहमीच्या जागी बसले. पाय पुढे सरकले... फरशीवर अडले. टाचा थोडा वेळ तिथंच चाचपडत राहिल्या. मग त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

“छान केलं,” ते म्हणाले. “उजेड आला.”

स्वातीनं अंकुशकडे पाहिलं. केसात चुना, चेहऱ्यावर शाबासकीची वाट. त्याला काहीच कळलं नव्हतं.

लक्ष्मणराव पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत. अंगणात बाज टाकून घेतली. धानाची कापणी संपायच्या आत गेले.

तेरवीनंतर अंकुश आला. ताण्याचं त्याला गल्लीत कुणीतरी ऐकवलं होतं. मान वर होत नव्हती.

“मी खड्डा खोदून देतो, स्वाती. माग उभा करून देतो.”

“पाय कोनाचे सोडायचे त्यात?”

तो फरशीवरून बाजूला सरकला.

“तुह्यावर राग काढाची लय कोशिश केली मी,” ती म्हणाली. “पण खोली कोनी मांगली होती? सपाट कोन म्हटलं होतं? तू त फक्त आयकलं... माह्या बोलण्याकडं इतकं ध्यान आजवर कोनी देल्लं नव्हतं रे.”

तिनं कागद त्याच्या हाती ठेवले. “घे, तुहा अंक. दवाखान्यात झाला. पलंगाच्या दांडीले पाट टेकवून. बाबा झोपले का लिहो, खोकलले का थांबो. इतकं चांगलं मले कुठीच सुचलं नाही.”

कागद घेऊनही तो उभाच राहिला.

“अंक त भेटला. आता मी... येऊ का नको?”

स्वातीनं त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग तीच बोटं हातात घेतली.

“ये. पण मले काय पायजे, हे पुन्हा कधी विचारू नको.”

पुढल्या वर्षी लग्न झालं. जमाखर्च मांडायचा तर अंकुशला अंक मिळाला, वर बायको. जानकीबाईंचं त्या मागाकडे पाहणं चुकलं. स्वातीला मागितली तशी खोली मिळाली. माहेरी आली की ती तिथं केर काढते, खिडकी उघडते, आणि लिहायला बाहेर येऊन बसते. किंमत भरली ती एकट्या लक्ष्मणरावांनी. त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पाय सोडायला हातभर खोल जागा, एवढीच त्यांची पुंजी होती.